अंगणवाडीतल्या अभ्यासक्रमामुळे मूल पहिलीसाठी तयार होतं का? हे मोजतात कसं?

जूनमध्ये पहिलीत आलेलं मूल रंग ओळखतं, दहापर्यंत मोजतं, गोष्ट ऐकून उत्तरं देतं. मग त्याच्या अंगणवाडीतला अभ्यासक्रम चांगला, असं म्हणता येईल का?

लगेच नाही. आणि धाराशिवसाठी हा प्रश्न किरकोळ नाही. नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांत महाराष्ट्रातले चार जिल्हे आहेत: नंदुरबार, वाशीम, गडचिरोली आणि धाराशिव (तेव्हाचं उस्मानाबाद). इथल्या खेड्यांत अनेक मुलांची पहिली शाळा म्हणजे अंगणवाडीच.

राज्यातल्या अंगणवाड्यांमध्ये ‘आकार’ हा अभ्यासक्रम वापरला जातो. २०२४ मध्ये केंद्र सरकारने तीन ते सहा वयोगटासाठी ‘आधारशिला’ आणला. शिवाय २०२२ पासून ‘पहिले पाऊल’ हे शाळापूर्व तयारी अभियान आहे. त्यात गावच्या शाळेत मेळावा भरतो, मूल एकेका टेबलावर जाऊन उड्या मारतं, वस्तूंच्या जोड्या लावतं, चित्राबद्दल बोलतं आणि त्याची नोंद विकासपत्रात होते. एक मेळावा उन्हाळ्याच्या सुट्टीआधी, दुसरा शाळा सुरू होताना.

पालकांना आपलं मूल कुठे आहे हे कळायला विकासपत्र उत्तम. पण दुसऱ्या मेळाव्यात प्रगती दिसली म्हणून अभ्यासक्रम यशस्वी ठरत नाही. पाच-सहा वर्षांचं मूल काहीही न शिकवता दोन महिन्यांत थोडं पुढे जातंच. तोच खेळ दुसऱ्यांदा खेळताना तर आणखी.

खरी परीक्षा तुलनेत असते. साधारण सारख्या गावांतल्या अंगणवाड्या घ्यायच्या, चिठ्ठ्या टाकून काहींना नवा अभ्यासक्रम द्यायचा, बाकीच्यांचं नेहमीसारखं चालू ठेवायचं आणि दोन्हीकडची मुलं आधी व नंतर तपासायची. तपासणारी व्यक्ती त्या अंगणवाडीची ताई नको. स्वतःच्याच कामाला गुण द्यायला लावणं तिच्यावरही अन्याय आहे.

धाराशिवमध्ये यात दोन अडचणी येतात. कळंब, वाशी, भूम भागांतली अनेक कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. त्यांची मुलं शेवटच्या चाचणीला गावात नसली, तर निकालात फक्त गावात राहिलेली मुलं उरतात आणि आकडा उगाच चांगला दिसतो. दुसरी अडचण भाषेची. तांड्यावरच्या मुलाची घरची भाषा गोरमाटी. त्याला प्रमाण मराठीत ‘कमी-जास्त’ विचारलं आणि ते गप्प बसलं, तर त्याला संख्या कळत नाही की प्रश्न?

चाचणी कधी घेतली, यानेही निष्कर्ष बदलतो. दिल्लीत २१४ बालवर्गांतल्या १,५४० मुलांवर झालेला प्रयोग २०१७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. अर्थतज्ज्ञ एस्थर डुफ्लो त्या संशोधकांपैकी एक. चार महिने गणिताचे खेळ घेतले. अंदाजाने कमी-जास्त ओळखणं, आकार ओळखणं ही कौशल्यं वाढली आणि टिकलीही. अंक-चिन्हांच्या गणितातही लगेच फायदा दिसला. पुढे शाळेतलं गणित शिकताना मात्र ही मुलं इतरांच्या पुढे नव्हती. म्हणजे खेळ संपताच पाहणी थांबवली असती, तर हा अभ्यासक्रम पहिलीच्या गणितासाठीही पुरेसा ठरला असता.

तमिळनाडूतला प्रयोग वेगळंच सांगतो. तिथे काही अंगणवाड्यांना शिकवण्यासाठी एक जास्तीची अर्धवेळ सेविका दिली. शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला. दीड वर्षाने ती मुलं गणितात आणि भाषेत पुढे होती, शिवाय खुजेपणा आणि तीव्र कुपोषणही कमी होतं, कारण आधीच्या सेविकेला आहार-आरोग्याकडे जास्त लक्ष देता आलं.

आपल्याकडच्या ताईंकडेही आहार, वजन-उंची, लसीकरण, गृहभेटी आणि मोबाइलवरच्या पोषण ट्रॅकरच्या नोंदी असतात. त्यामुळे धाराशिवमधल्या कोणत्याही पाहणीत मुलांच्या गुणांशेजारी आणखी एक रकाना हवा: ‘आकार’ किंवा ‘आधारशिला’ शिकवायला रोज प्रत्यक्षात किती मिनिटं मिळाली.