पाचवीची पहाट

आजीच्या बोलण्यात तिच्या थोरल्या जावेचं बाळ हमखास यायचं. राधानगरीकडचं गाव, धो धो पाऊस, घरीच बाळंतपण. चार दिवस पोर चांगलं पीत होतं. पाचवी पुजली आणि पहाटे पोर पांढरंफटक! "रडंना, पिईना. बेंबीला रगताचा ठिपका तेवढा. सटवीनं न्हेलं बघ."

सटवीचं राहू द्या, आजीची नजर बघा. वैद्यकाच्या पुस्तकात हेच लिहिलंय. रक्त गोठायला व्हिटॅमिन के लागतं. जन्मतः बाळाकडे ते फार कमी असतं आणि आईच्या दुधातूनही थोडंच मिळतं. म्हणून दुसऱ्या ते सातव्या दिवसात रक्तस्रावाचा धोका. बेंबीतून आलेलं रक्त दिसतं. पोटात किंवा मेंदूत साठलेलं कुणाला दिसणार? तीन किलोच्या बाळाच्या अंगात रक्त असतं अडीचशे मिलिलिटरच्या आसपास, म्हणजे पेलाभर. त्यातलं निम्मं आतल्या आत गेलं, की बाळ कोसळलंच.

याच मुलखात, १८८६ मध्ये कोल्हापूर संस्थानानं अमेरिकेतून शिकून आलेल्या आनंदीबाई जोशींना आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या, म्हणजे आजच्या सीपीआरच्या, स्त्रीकक्षासाठी नेमलं होतं. स्वतःचं दहा दिवसांचं मूल गमावलेली ही बाई रुजू होण्याआधीच, फेब्रुवारी १८८७ मध्ये वारली. ती रुजू झाली असती, तरी या रोगावर तिच्या हाती औषध नव्हतं. बोस्टनच्या टाउनसेंडनं नवजातांच्या रक्तस्रावाचं वर्णन केलं १८९४ मध्ये. कोपनहेगनच्या हेन्रिक डामला व्हिटॅमिन के सापडलं ते त्यानंतर चार दशकांनी, तेही कोंबडीच्या पिलांमुळे. १९४३ चं नोबेल त्याला आणि अमेरिकन शास्त्रज्ञ डॉयझीला मिळालं.

आता जन्मल्याबरोबर मांडीत व्हिटॅमिन केची एक मिलिग्रॅमची सुई देतात. हजार ग्रॅमपेक्षा हलक्या बाळाला निम्मी. ती चुकली, तर धोका पाचवीबरोबर टळत नाही. पुढच्या काही महिन्यांतही अचानक रक्तस्राव होतो, आणि तो बहुधा मेंदूत. बाळ पांढरं पडतं, दूध सोडतं, झटके येतात, टाळू फुगते. रोज टाळू भरणाऱ्या आजीच्या बोटांना ती फुगलेली टाळू डॉक्टरच्या आधी कळली असती, असं मला खात्रीनं वाटतं.

अचानक गळालेलं बाळ आलं, की डॉक्टरांच्या मनात आधी जंतुसंसर्ग येतो, आणि ते रास्तच आहे. पण नुकत्याच झालेल्या रक्तस्रावात पहिलं हिमोग्लोबिन बरं दिसू शकतं; कागदावरचा आकडा मागाहून उतरतो. अशा वेळी बाळाचा पांढरा पडलेला रंग बघावा आणि बरोबर आलेल्या बाईला जन्मानंतरच्या सुईचं विचारावं. बाळंतपण घरी किंवा वाटेत गाडीत झालं असेल, तर हे आधी विचारावं.