मेथिसिलिनच्या आधी जन्मलेला जंतू

स्टॅफिलोकॉकस ऑरिअस हा जंतू दर तीन-चार निरोगी माणसांमागे एकाच्या नाकात बिनबोभाट राहतो. ऑपरेशनची जखम किंवा सलाइनची सुई मिळाली, की तो आत शिरतो आणि थेट रक्तापर्यंत पोचतो. मेथिसिलिनला दाद न देणारं त्याचं घराणं म्हणजे एमआरएसए. जगभरच्या रुग्णालयांना त्याने जेरीस आणलं.

या घराण्याचा मागोवा पेनिसिलिनपासून घ्यावा लागतो. ते सर्रास मिळू लागण्याआधीच, १९४० साली, ऑक्सफर्डमध्ये अब्राहम आणि चेन यांना पेनिसिलिन नष्ट करणारं विकर एका जंतूत सापडलं होतं. पुढे लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात मेरी बार्बर यांनी मोजदाद केली. रुग्णांमध्ये सापडणाऱ्या स्टॅफिलोकॉकसपैकी पेनिसिलिनला न जुमानणारे १९४६ साली १४ टक्के होते, १९४७ साली ३८ आणि १९४८ साली ५९. त्यांचा निष्कर्ष फार मोलाचा होता: उपचार चालू असताना साधे जंतू पालटत नव्हते; मुळातच चिवट असलेले जंतू एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जात होते. पेनिसिलिन साध्या जंतूंना मारून या चिवट जंतूंना रान मोकळं करून देत होतं.

यावर उतारा म्हणून बीचम कंपनीने त्या विकराला तोडता येणार नाही असं मेथिसिलिन तयार केलं. ते १९६० साली वापरात आलं. त्याच सुमारास लंडनच्या कोलिंडेल प्रयोगशाळेत पॅट्रिशिया जेव्हन्स देशभरातून आलेले स्टॅफिलोकॉकसचे पाच हजारांहून अधिक नमुने तपासत होत्या. त्यांतले तीन मेथिसिलिनला बधले नाहीत. तिन्ही एकाच रुग्णालयातले. पहिला मूत्रपिंडाच्या शस्त्रक्रियेच्या जखमेतला, तर एक तिथल्याच नर्सच्या त्वचेवरच्या संसर्गातला. जानेवारी १९६१मध्ये जेव्हन्स यांनी ही नोंद प्रसिद्ध केली.

या जंतूंची युक्ती वेगळी होती. पेनिसिलिनच्या कुळातली औषधं जंतूची भिंत बांधणाऱ्या प्रथिनाला चिकटून त्याचं काम थांबवतात. मेकए नावाचं जनुक मिळालेला जंतू तेच काम करणारं दुसरं प्रथिन बनवतो, आणि त्याला औषध नीट चिकटतच नाही. मूळ गवंड्याचे हात बांधले, तरी बदली गवंडी भिंत रचत राहतो.

नवं औषध आलं म्हणून नवा जंतू आला, अशीच समजूत पुढे रुजली. २०१७ साली संशोधकांनी त्या काळचे गोठवून सुकवलेले जंतू जिवंत करून त्यांचा जनुकक्रम वाचला. हे घराणं १९४०च्या दशकाच्या मध्यालाच उदयाला आलं होतं, मेथिसिलिनच्या सुमारे चौदा वर्षं आधी. त्याला पोसलं ते पेनिसिलिनच्या बेसुमार वापराने.

म्हणून केवळ पुढच्या औषधाची वाट पाहणं पुरेसं नाही. आजच्या औषधाची उधळण उद्याच्या औषधावरही मात करणारे जंतू पोसू शकते. इंग्लंडने एमआरएसएचा रक्तसंसर्ग २००४ ते २००८ या काळात निम्म्याहून खाली आणला. त्यामागे कोणतंही जादूचं औषध नव्हतं. प्रत्येक खाटेजवळ हात निर्जंतुक करायचं द्रावण, नळ्या-सुयांची काटेकोर निगा, दाखल होणाऱ्यांची तपासणी आणि आकड्यांची सक्तीची नोंद, एवढंच होतं. बार्बर यांनी दाखवलेली रुग्णाकडून रुग्णाकडे जाणारी वाट अडवली, की हे कुळ खुंटतं. ती अडवणं प्रत्येक रुग्णालयाच्या हातात आहे.