केंब्रिजच्या ५० वर्षे आधी मुंबई : ब्रिटनमधील समाजशास्त्राच्या पदवीची कहाणी

१/१३
मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला १९१९ साली. केंब्रिज विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापकपद आले १९६९ साली. जो विषय आपल्याकडे विलायतेतून आला असे आपण मानतो, त्याला विलायतेतच उंबऱ्याबाहेर इतकी वर्षे का थांबावे लागले? #थ्रेड

२/१३
प्रारंभ लंडनमध्ये होतो. सिडनी व बिअ‍ॅट्रिस वेब या दांपत्याच्या पुढाकाराने १८९५ साली ‘लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स’ ऊर्फ एलएसई ही संस्था उभी राहिली. १९०७ साली मार्टिन व्हाइट या स्कॉटिश धनिकाच्या देणगीतून तेथे समाजशास्त्राचे अध्यापन स्थिरावले. लिओनार्ड हॉबहाउस आणि फिनलंडचे एडवर्ड वेस्टरमार्क हे तेथील पहिले प्राध्यापक.

३/१३
याच व्हाइट यांचा पॅट्रिक गेडिस यांच्यावर मोठा लोभ होता. गेडिस मूळचे जीवशास्त्रज्ञ, पुढे नगररचनाकार. डंडी येथील त्यांचे वनस्पतिशास्त्राचे अध्यासनही व्हाइट यांच्याच पैशावर चाले. लंडनच्या पदासाठी गेडिस यांचेही नाव होते. ते पद हॉबहाउस यांना मिळाले. बारा वर्षांनी हेच गेडिस मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले!

४/१३
गेडिस यांनी हेरलेला एक तरुण म्हणजे गोविंद सदाशिव घुर्ये. जन्म १८९३, मालवण, शिक्षण संस्कृतचे. मुंबई विद्यापीठाने त्यांना समाजशास्त्रासाठी इंग्लंडला धाडले. ते आधी एलएसईत हॉबहाउस यांच्याकडे गेले, पण तेथे रमले नाहीत. मग केंब्रिजला डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांच्याकडे दाखल झाले. तेथे त्यांना मार्ग मिळाला तो मानववंशशास्त्राचा. १९२४ साली ते मुंबईच्या विभागाचे प्रमुख झाले. इरावती कर्वे त्यांच्याच विद्यार्थिनी.

५/१३
घुर्ये यांच्या या वळणात एक मर्म दडले आहे. वसाहतींमधील ‘इतरांचा’ अभ्यास करणाऱ्या मानववंशशास्त्राला ऑक्सफर्ड-केंब्रिजमध्ये जागा होती. पण स्वतःच्या समाजाकडे, तेथील वर्गभेदाकडे त्याच तटस्थ नजरेने पाहणारा विषय त्यांना नकोसा वाटे. इतिहास, तत्त्वज्ञान आणि अर्थशास्त्र असताना आणखी एक शास्त्र कशाला, असा एकूण सूर होता.

६/१३
चित्र पालटले दुसऱ्या महायुद्धानंतर. युद्धावरून परतलेल्या तरुणांना सरकारने उच्च शिक्षणासाठी अनुदान दिले. त्यांतील एक ए. एच. हॅल्सी : रेल्वे हमालाचा मुलगा, हवाई दलातून थेट एलएसईच्या वर्गात. विषय ज्यांच्याविषयी बोलत होता, त्या कष्टकरी वर्गातलीच मुले आता बाकावर येऊन बसली. पुढे हेच हॅल्सी ऑक्सफर्डमध्ये प्राध्यापक झाले.

७/१३
दुसरे केंद्र उभे राहिले लेस्टर या मध्यम आकाराच्या औद्योगिक शहरात. तेथे पूर्व युरोपातून आलेले इल्या नॉयश्टाट विभाग घडवत होते. १९५४ साली त्यांनी नॉर्बर्ट एलियास यांना बोलावून घेतले. हिटलरच्या जर्मनीतून परागंदा झालेल्या या ज्यू विद्वानाला विद्यापीठातील स्थिर नोकरी मिळाली, तेव्हा त्यांचे वय होते ५७! ब्रिटिश समाजशास्त्राची एक पिढी या दोन परक्यांनी घडवली.

८/१३
अँथनी गिडन्स हे जगप्रसिद्ध नाव अनेकांनी ऐकले असेल. त्यांचे वडील लंडनच्या वाहतूक सेवेत कारकून होते. घरात विद्यापीठाची पायरी चढणारे गिडन्स पहिलेच. १९५९ साली त्यांनी समाजशास्त्र व मानसशास्त्र घेऊन पदवी मिळवली, ती हल विद्यापीठातून. पहिली नोकरी लेस्टरला. १९९७ साली ते एलएसईचे संचालक झाले.

९/१३
१९६२ च्या कायद्याने पात्र विद्यार्थ्यांना शुल्क आणि निर्वाहासाठी सरकारी अनुदानाची हमी मिळाली. १९६३ च्या रॉबिन्स अहवालाने गुणवत्ता असलेल्या प्रत्येकाला जागा मिळावी, असे तत्त्व मांडले. एसेक्स, यॉर्क, लँकेस्टर, वॉरिक, केंट अशी नवी विद्यापीठे उघडली. एसेक्समध्ये समाजशास्त्राचा पाया घातला दारिद्र्याचे अभ्यासक पीटर टाउनसेंड यांनी.

१०/१३
या पदवीत शिकवत काय? मार्क्स, वेबर, दुर्खीम यांचे सिद्धांत. त्याच जोडीला संख्याशास्त्र, मुलाखती, सर्वेक्षण. त्या पद्धतींचे बळ पाहा. १९७२ साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी इंग्लंड-वेल्समधील सुमारे १०,००० पुरुषांची माहिती गोळा केली. त्यावर आधारलेल्या हॅल्सी व सहकाऱ्यांच्या १९८० च्या ग्रंथाने दाखवले की, वरिष्ठ व्यावसायिक वर्गातील मुलाला विद्यापीठात पोहोचण्याची संधी कामगाराच्या मुलाच्या अकरा पट होती. रेल्वे हमालाच्या मुलाने हे आकड्यांत मांडले!

११/१३
असे आकडे सत्तेला रुचतातच असे नाही. १९६८ च्या विद्यार्थी आंदोलनांपासून या विषयावर ‘बंडखोरांचा अड्डा’ असा शिक्का बसलाच होता. थॅचर सरकारचे शिक्षणमंत्री कीथ जोसेफ यांना तर हे ‘विज्ञान’ आहे हेच मान्य नव्हते. त्यांनी ‘सोशल सायन्स रिसर्च कौन्सिल’ची चौकशी लॉर्ड रॉथशिल्ड यांच्याकडे सोपवली. रॉथशिल्ड स्वतः जीवशास्त्रज्ञ. १९८२ साली त्यांनी निर्वाळा दिला : संस्था मोडू नका. संस्था वाचली, मात्र तिच्या नावातून ‘सायन्स’ हा शब्द गेला!

१२/१३
पुढचा प्रश्न पैशाचा. १९९८ साली विद्यार्थ्यांवर वर्षाला १,००० पौंडांपर्यंत शुल्क आले. २०१२ पासून इंग्लंडमध्ये ही मर्यादा ९,००० पौंड झाली. इंग्लंडमध्ये तीन आणि स्कॉटलंडमध्ये चार वर्षांची ही पदवी आज बहुतेक मोठ्या विद्यापीठांत मिळते. ऑक्सफर्डमध्ये मात्र पदवीस्तरावर समाजशास्त्र आजही स्वतंत्रपणे घेता येत नाही. इतर विषयांच्या जोडीनेच घ्यावे लागते.

१३/१३
एखादा विषय विद्यापीठात कधी येतो, हे केवळ त्याच्या योग्यतेवर ठरत नाही. देणगीदार कोण, दारात उभा विद्यार्थी कोण आणि त्याचे शुल्क कोण भरतो, यांवर ते ठरते. हॅल्सी आणि गिडन्स यांना दार उघडे मिळाले, कारण त्यांच्या काळात सार्वजनिक पैसा विद्यार्थ्याच्या पाठीशी होता. ‘हे शिकून पुढे करणार काय?’ असे कला शाखेच्या विद्यार्थ्याला आपल्याकडेही विचारले जाते. मित्रहो, त्या वेळी एक प्रतिप्रश्न जरूर करावा : हे कोणी शिकूच नये, असे नेमके कोणाला वाटते?