बाप्तिस्मा

बाप्तिस्मा हा शब्द ग्रीक आहे. 'बाप्तिझो' म्हणजे बुडवणे, पाण्यात घालणे. प्रॉटेस्टंट मराठी बायबलने तो जवळपास मूळ रूपातच ठेवला; मराठी कॅथलिक मात्र स्नानसंस्कार म्हणतात. कॅथलिक नियमानुसार बाळाला जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांतच हे स्नान द्यावे लागते, कारण आदिपापाचे क्षालन लांबवू नये. अँग्लिकन व मेथडिस्टही तान्ह्यांना बाप्तिस्मा देतात. सुंतेप्रमाणे ही देवाच्या कराराची खूण, असा त्यांचा आधार. बॅप्टिस्टांना हे मान्य नाही. आधी विश्वास, मग पाणी, आणि तेही पूर्ण बुडवून. प्रेषितांच्या कृत्यांत संपूर्ण घराण्यांचा बाप्तिस्मा आहे, पण त्यात बाळे होती की नाही हे लिहिलेले नाही. वादाचे खरे मूळ या मौनात आहे.

भाषांतरालाही हा वाद भोवला. बंगाली बायबलात बॅप्टिस्टांनी 'बुडवणे' या अर्थाचा शब्द योजला, तेव्हा ब्रिटिश बायबल सोसायटीने मदत नाकारली. मूळ शब्द तसाच ठेवला की दोन्ही पक्षांना तो वापरता येतो. मराठीतला बाप्तिस्मा म्हणूनच सोयीचा.

29 नोव्हेंबर 1970 रोजी चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. त्यात अँग्लिकनांबरोबर बॅप्टिस्ट आणि ब्रदरनही आले. तेथे शिशुबाप्तिस्मा आणि प्रौढ विश्वासणाऱ्याचा बाप्तिस्मा हे दोन्ही ग्राह्य आहेत.