जुना ट्रॅक्टर वाचायचा कसा? रंग, पाटी आणि ओतीव लोखंडाची साक्ष

हातकणंगले तालुक्यातील कबनूर आज इचलकरंजीपासून वेगळे दाखवणेही कठीण. एकीकडे यंत्रमागांचा खडखडाट, दुसरीकडे पंचगंगेच्या खोऱ्यातला ऊस. अशा गावांत गोठ्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एखादा जुना ट्रॅक्टर उभा असतो. टायर बसलेले, बॉनेटचा रंग तीनदा बदललेला. घरातले एक माणूस सांगते, ‘हा इंग्लंडचा’. दुसरे म्हणते, ‘छे, रशियाचा’. भंगारवाल्याला त्यात रस नसतो. तो वजन विचारतो.

त्या शेडमध्ये खरे तर एक ऐतिहासिक साधन उभे असते. ताम्रपट हाती आला की अभ्यासक आधी अक्षरवटिका पाहतो, मग मुद्रा आणि वंशावळ. मजकूर खरा की मागाहून रचलेला, हे तपासतो. जुना ट्रॅक्टर ओळखण्याची रीतही हीच आहे. फरक इतकाच की हा ताम्रपट बहुधा ग्रीसच्या थराखाली असतो.

या भागातील शेतीयंत्रांची कथा ट्रॅक्टरच्या कितीतरी आधी सुरू होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमिनीत विष भिनते या समजुतीपायी शेतकरी त्याला हात लावायला तयार नव्हते. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली आणि पुढे हाच नांगर दख्खनभर पोचला. तरीही तो ओढायला बैलच होते.

स्वातंत्र्याच्या वेळी भारतात ट्रॅक्टर तयार होत नव्हता. १९४७ मध्ये उभ्या राहिलेल्या केंद्रीय ट्रॅक्टर संघटनेने मध्य भारतातील कांस गवताने व्यापलेल्या जमिनी मोडायला घेतल्या, त्या अमेरिकी सैन्याने मागे ठेवलेल्या साखळीच्या ट्रॅक्टरांवर. १९४९ मध्ये जागतिक बँकेने भारताला शेतीयंत्रांसाठी १ कोटी डॉलरचे कर्ज दिले. कांसाची मुळे खोल असतात, बैलांच्या नांगराला ती दाद देत नाहीत. ज्याला महाराष्ट्रातील काळ्या रानातला कुंदा ठाऊक आहे, त्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

देशी उत्पादन उशिरा सुरू झाले. १९५९ मध्ये आयशरचा पहिला ट्रॅक्टर फरिदाबादहून बाहेर पडला, जर्मन आयशरच्या सहकार्याने. १९६१-६२ या वर्षी देशभरात तयार झालेल्या ट्रॅक्टरांची संख्या होती अवघी ८८०. मागणी त्याहून कितीतरी मोठी, म्हणून आयात अटळ. पण आयातीला परकीय चलन लागे आणि त्याचाच दुष्काळ होता.

‘इंग्लंडचा की रशियाचा’ या वादाचे मूळ नेमके इथे आहे. सोव्हिएत संघ आणि पूर्व युरोपातील समाजवादी देशांशी भारताचा व्यापार रुपयांत होत असे. डॉलर किंवा पौंड मोजावे लागत नसत. त्यामुळे मिन्स्कचे बेलारूस, चेकोस्लोव्हाकियाचे झेटॉर हे ट्रॅक्टर भारतीय शेतांत आले. एखाद्या खेडेगावात झेटॉर सापडणे हा योगायोग नव्हे. शीतयुद्धाच्या काळातील चलननीतीने तो तिथे आणून उभा केला. देशी कारखान्यांवरही तीच छाप दिसते. पिंजोरला एचएमटीने, म्हणजे घड्याळवाल्या एचएमटीनेच, १९७० च्या दशकाच्या आरंभी जो २५११ ट्रॅक्टर काढला, तो मुळात झेटॉरचाच आराखडा होता.

आता ओळख पटवण्याकडे वळू. पहिला नियम : रंगावर विश्वास ठेवू नये. रंग हा सर्वांत खोटा साक्षीदार. लाल दिसला म्हणून इंटरनॅशनल आणि करडा दिसला म्हणून फर्ग्युसन, असे म्हणणारे हमखास फसतात. गावातल्या रंगाऱ्याकडे त्या दिवशी जो डबा उघडा असेल तो रंग लागतो.

आकारही फसवतो. कॉव्हेंट्रीला १९४६ ते १९५६ या काळात बनलेला फर्ग्युसनचा टीई-२० आणि अमेरिकेत १९३९ पासून बनलेला फोर्डचा ९एन हे जवळजवळ जुळी भावंडे वाटतात, कारण दोन्हींमागे हॅरी फर्ग्युसन या एकाच माणसाची कल्पना होती. पूर्वीचे ट्रॅक्टर नांगर नुसता मागे ओढत. फर्ग्युसनने तो तीन दांड्यांनी आणि हायड्रॉलिकने ट्रॅक्टरच्या अंगालाच जोडला. आज उसाच्या रानात दिसणारा कोणताही पल्टी नांगर याच जोडणीवर उभा आहे. मागे ही मूळ जोडणी नसेल, तर यंत्र बहुधा जुन्या पिढीचे, असा पहिला अंदाज बांधता येतो.

पक्का पुरावा असतो पाटीवर. फर्ग्युसनच्या क्रमांकाआधीची अक्षरे बोलकी आहेत : टीईए म्हणजे पेट्रोल, टीईडी म्हणजे रॉकेलच्या जातीचे इंधन, टीईएफ म्हणजे १९५१ पासूनचे डिझेल. टीई-२० पाच लाखांहून अधिक बनले, म्हणजे जगाच्या हिशेबाने ते दुर्मीळ नव्हेत. मूळ पाटी शाबूत असलेले मात्र वेगळ्या मोलाचे.

बी-२७५ या इंटरनॅशनलच्या ट्रॅक्टरची कथा महाराष्ट्राला अधिक जवळची. हा ट्रॅक्टर आधी इंग्लंडमधील ब्रॅडफर्डला बने. इंटरनॅशनल हार्वेस्टर, महिंद्र आणि व्होल्टास यांनी १९६३ मध्ये भारतात संयुक्त कंपनी काढली आणि १९६५ पासून तोच बी-२७५ मुंबईत कांदिवलीला बनू लागला. एकच नाव, दोन जन्मगावे. १९७७ मध्ये ही कंपनी महिंद्र अँड महिंद्रमध्ये विलीन झाली. त्यामुळे बॉनेटवर ‘इंटरनॅशनल’ आहे की ‘महिंद्र’ यावरून काळाचा स्थूल अंदाज येतो. पण बॉनेट बदलता येते, म्हणून जन्मगाव पाटीवरच वाचावे.

पाटीला दुजोरा देते ते ओतीव लोखंड. इंजिन ब्लॉक आणि गिअरबॉक्स यांच्या साच्यातच क्रमांक कोरलेले असतात; काही कंपन्या ओतकामाची तारीखही त्यात घालत. इतिहासात ज्याला कालनिश्चितीची पूर्वमर्यादा म्हणतात ती हीच : ब्लॉक ओतला जाण्याआधी तो ट्रॅक्टर जुळवला गेलेला असूच शकत नाही. ब्लॉकची तारीख ट्रॅक्टरच्या वर्षानंतरची निघाली, तर इंजिन मागाहून बदललेले आहे. नोंदणीचे कागद असतील तर इंजिन आणि चॅसी क्रमांक त्यांच्याशी ताडून पाहावेत. मात्र ‘एमएच ०९’ हा कोल्हापूरचा क्रमांक १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानंतरच्या पद्धतीचा आहे. त्यावरून त्या पद्धतीतली नोंदणी कळते, जन्म नव्हे.

इंजिन बदललेले निघाले की शुद्धतावादी संग्राहक नाक मुरडतो. इतिहासाच्या दृष्टीने हे चूक आहे. परदेशी ट्रॅक्टर आले तरी त्यांचे सुटे भाग वेळेवर येत नसत. कोल्हापूरच्या उद्यमनगरातील मिस्त्रींचा हात ऑइल इंजिनांच्या दुरुस्तीवर बसलेला होता. अशा कारागिरीच्या प्रदेशात एखाद्या झेटॉरवर स्थानिक ओतकामाचा भाग सापडला, तर त्याला बनावट म्हणू नये. पोथीच्या समासातील टीप आपण खोडून टाकत नाही, तीही वाचतो.

खरोखर दुर्मीळ कोण, असे विचारले तर बोट नाशिककडे दाखवावे लागेल. १९७४ मध्ये किर्लोस्करांनी तिथे जर्मनीच्या डॉइट्झच्या सहकार्याने ट्रॅक्टर काढायला घेतले. लोखंडी नांगरापासून इथवर यायला ७१ वर्षे लागली होती! हवेने थंड होणारे इंजिन ही डॉइट्झची खासियत. समोर पाण्याचा रेडिएटर शोधू नये. सिलिंडरभोवती एकावर एक बसवलेल्या लोखंडी पाकळ्या पाहाव्यात. मात्र हवेवर थंड होणारे इंजिन जुन्या आयशरचेही असे, म्हणून सिलिंडर मोजावेत, आयशरचा एकच. किर्लोस्करांचा ट्रॅक्टर बाजारात फार काळ टिकला नाही, आणि म्हणूनच तो आज शोधावा लागतो.

या पट्ट्यात शोधाला घाई आहे, त्याचे कारण उसातच आहे. इथल्या ट्रॅक्टरने नांगरटीइतकीच वाहतूक केली : गाळप हंगामभर मागे भरलेल्या दोन ट्रॉल्या. त्या ओझ्याखाली क्लच आणि गिअरबॉक्स झिजले, बदलले गेले आणि शेवटी सगळेच विकले गेले. जवळच कोल्हापूर, शिरोली, इचलकरंजीच्या फाउंड्र्या. त्यांच्या भट्ट्यांत भंगार वितळते आणि त्याच ओतकामातून वाहनांचे आणि ट्रॅक्टरांचे नवे भाग बाहेर पडतात.

क्रमांकाची पाटी मात्र त्या भट्टीपर्यंत पोचतही नाही. ती बहुधा पितळेची किंवा अ‍ॅल्युमिनियमची, आणि त्या धातूंचा भाव लोखंडापेक्षा जास्त. म्हणून भंगाराच्या दुकानात ट्रॅक्टर आला की छिन्नीने आधी तीच उचकटतात आणि वेगळ्या पोत्यात टाकतात.