हाती बंदूक नव्हे, सुरुंग काढण्याचं काम. तरीही परमवीर चक्र मिळवणारे मेजर राम राघोबा राणे

परमवीर चक्र म्हटलं की शत्रूवर तुटून पडणारा सैनिक डोळ्यांसमोर येतो. पण राम राघोबा राणे यांना हा सन्मान मिळाला तो रस्ता मोकळा करण्यासाठी.

राणेंचा जन्म २६ जून १९१८ रोजी कारवारजवळच्या चेंडिये गावातला. वडील पोलीस शिपाई होते. १९४० मध्ये ते बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर दलात भरती झाले. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढले आणि डिसेंबर १९४७ मध्ये सेकंड लेफ्टनंट झाले.

त्यानंतर चारच महिन्यांत त्यांची खरी कसोटी लागली.

एप्रिल १९४८. राजौरी शत्रूच्या ताब्यात होती. ती सोडवायची तर नौशेराहून रणगाडे पुढे न्यावे लागणार होते. पण डोंगरातल्या या रस्त्यावर जागोजागी सुरुंग पेरलेले होते आणि झाडं आडवी टाकलेली होती.

८ एप्रिलला काम सुरू होताच तोफगोळ्यांचा मारा झाला. राणेंचे दोन जवान शहीद झाले, ते स्वतःही जखमी झाले. तरी काम थांबलं नाही. सतत गोळीबार सुरू असताना त्यांच्या तुकडीने सुरुंग काढले, अडथळे उडवले, रणगाड्यांसाठी पर्यायी वाट तयार केली.

एका टप्प्यावर तर राणे चक्क रणगाड्याखाली शिरले. रणगाड्यासोबत सरपटत ते पुढे सरकत होते. कधी थांबायचं, कधी निघायचं, हे चालकाला दोरी ओढून सांगत होते.

११ एप्रिलला रणगाडे चिंगसला पोहोचले आणि दुसऱ्याच दिवशी भारतीय सैन्य राजौरीत शिरलं.

१९४७-४८ च्या युद्धासाठी एकूण पाच परमवीर चक्रं देण्यात आली. त्यातली तीन मरणोत्तर होती. हयात असलेले दोनच: लान्स नायक करम सिंग आणि राणे.

राणे १९६८ मध्ये मेजर म्हणून निवृत्त झाले. ११ जुलै १९९४ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. २०२३ मध्ये अंदमान-निकोबारमधल्या २१ बेटांना परमवीरांची नावं देण्यात आली, त्यातलं एक राणेंच्या नावाचं आहे.

रणगाडे राजौरीत पोहोचले ते सर्वांनी पाहिलं. त्यांच्यासाठी रस्ता मोकळा करणारे हात मात्र अनेकांना आजही ठाऊक नाहीत.