घोड्याचं निष्क्रिय खातं

माझा आणि घोड्याचा संबंध आयुष्यात दोनदाच आला. एकदा लग्नाच्या वरातीत आणि एकदा माथेरानला. दोन्ही वेळा लगाम दुसऱ्याच्या हातात होता. बँकेत वीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला त्याचं काही वाटत नाही. तेव्हा घोड्याच्या हक्कांवर मी चार शब्द लिहीन असं कुणी भाकीत केलं असतं, तर मी त्याला शेजारच्या काउंटरवर पाठवलं असतं.

त्याचं असं झालं. इंग्लंडात डर्बीशर परगण्यात माझा मेहुणा असतो. दोन वर्षं त्याने नुसता आग्रह केला, तिसऱ्या वर्षी तिकिटंच पाठवली. मेहुण्याने तिकिटं पाठवल्यावर रजा मंजूर होत नाही, असं सांगायची सोय राहत नाही. गेलो. दुसऱ्याच दिवशी सगळे गावाबाहेर फिरायला निघालो, तर शेताच्या कडेला खांबावर पाटी : ‘पब्लिक ब्राइडलवे’.

हिने मला कोपराने ढोसलं. ‘‘बघा, इथे नवरीसाठी वेगळा रस्ता असतो!’’

मला ते पटलंही. ‘ब्रायडल मेकअप’, ‘ब्रायडल साडी’ यांची बिलं मी घरच्या लग्नकार्यात भागवलेली आहेत. तेवढ्यात समोरून सत्तरीच्या एक बाई घोड्यावरून आल्या. फाटकाची कडी उंच केलेली होती. खाली न उतरता त्यांनी ती उघडली, आम्हाला ‘गुड मॉर्निंग’ घातलं आणि फाटक लावून पुढे गेल्या. मेहुणा म्हणाला, ‘‘भावजी, ब्राइडल म्हणजे लगाम. ही घोड्यांची वाट.’’

नवरीवरून लगामापर्यंत आम्हीही काही वर्षांत पोचलोच होतो, पण मी बोललो नाही.

तिकडे वाटांचेही प्रकार असतात. पिवळा बाण असला की फक्त पायी जायचं. निळा बाण असला की घोड्यालाही मुभा. १९६८ सालच्या कायद्याने या निळ्या वाटांवर सायकलवाल्यांनाही येऊ दिलं, पण एका अटीवर : पादचारी आणि घोडेस्वार दिसला की सायकलने वाट द्यायची. पिवळ्या वाटेवर मात्र घोड्याला हक्क नाही. म्हणजे सगळी भानगड बाणाच्या रंगाची. आणि हा रंग ठरवतो कागद.

त्या घोडेस्वार बाई मेहुण्याच्या शेजारीण निघाल्या. संध्याकाळी चहाला बोलावलं. मी बँकेत आहे म्हटल्यावर सगळे परदेशी लोक व्याजदर विचारतात. या बाईंनी विचारलं, ‘‘जुनी रजिस्टरं वाचता येतात का तुम्हाला?’’ आणि कपाटातून झेरॉक्सचा गठ्ठा काढला. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

हकिगत अशी. १९४९ साली तिकडे कायदा झाला की, प्रत्येक परगण्याने आपल्या सार्वजनिक वाटांचा अधिकृत नकाशा करावा. काम गावोगावच्या लोकांच्या माहितीवर झालं. कुठे घोड्याची जुनी वाट नुसती पायवाट म्हणून चढली, कुठे चढलीच नाही. लेजरला नोंद करताना चूक झाली की काय होतं, हे मी सांगायला नको. फरक एवढाच की, आमच्याकडे खातेदार येऊन ओरडतो. घोडा ओरडत नाही.

इंग्रजांचं एक जुनं तत्त्व आहे : एकदा सार्वजनिक झालेली वाट कायम सार्वजनिक. पन्नास वर्षं कुणी फिरकलं नाही तरी हक्क मरत नाही. हे आमच्या निष्क्रिय खात्यासारखंच. दोन वर्षं व्यवहार नसला की खातं निष्क्रिय होतं, दहा वर्षांनी रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, तरी वारस कागद घेऊन आला की पैसे द्यावेच लागतात. पण २००० सालच्या कायद्याने तिथे घोळ केला. १९४९ पूर्वीच्या ज्या पायवाटा आणि लगामवाटा नकाशावर नाहीत, त्यांचे हक्क १ जानेवारी २०२६ ला संपतील, असं ठरलं. झालं! ब्रिटिश हॉर्स सोसायटीचे स्वयंसेवक, ही आमची शेजारीणही त्यांतलीच, दफ्तरखान्यांत जाऊन बसले. शेतं कुंपणात घेतानाचे दीड-दोनशे वर्षांपूर्वीचे निवाडे, जुने नकाशे, सगळं उपसायला लागले.

त्यातला एक कागद बघून मी, एक बी.कॉम. मनुष्य, खुर्चीतून उठलो. १९०९ सालच्या अंदाजपत्रकात लॉइड जॉर्जने जमिनीच्या वाढीव किमतीवर कर बसवला. त्यासाठी देशभरच्या जमिनींची मोजदाद झाली. जमिनीतून सार्वजनिक वाट जात असेल तर जमिनीची किंमत कमी धरायची, अशी सवलत होती. मग काय, जमीनदारांनी आपण होऊन लिहून दिलं : ‘आमच्या शेतातून लगामवाट जाते हो!’ कर १९२० साली रद्द झाला, पण वह्या राहिल्या. त्या आज लंडनमध्ये क्यू इथल्या राष्ट्रीय दफ्तरखान्यात आहेत. शंभर वर्षांनी पणतू म्हणतो, ‘इथे कसली वाट? कधीच नव्हती.’ आणि बाई त्याच्या पणजोबांनी मागितलेली सूट समोर ठेवतात. पणजोबांनी वाचवलेले चार पैसे घोड्याच्या खात्यावर असे जमा झाले.

पुढे इंग्लंडपुरती ती मुदत २०३१ पर्यंत वाढवली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने ती रद्दच करण्याचा इरादा जाहीर केला. बाई मात्र सुखावलेल्या दिसल्या नाहीत. ‘‘सरकारने नुसतं जाहीर केलंय,’’ त्या म्हणाल्या. माणूस अनुभवी असल्याची खूण मला पटली.

निघताना मी विचारलं, ‘‘एवढा खटाटोप, आणि या वाटेवरून दिवसाला घोडे किती जातात?’’

‘‘माझा एक. पण नातीचा जाईल ना?’’

रात्री झोप आली नाही. आमच्या गावी आजोबांच्या वेळी बैलगाडी जाईल एवढी पाणंद होती. दोन्ही बाजूंच्या बांधांनी वर्षाला वीतभर खाल्ली. लहानपणी मी तिच्यातून सायकल न्यायचो, गेल्या दिवाळीला आडवा होऊन गेलो. गावात सगळ्यांना ठाऊक होतं, पण शेजारच्याशी वाईटपणा कोण घेणार? मीही घेतला नव्हता. मी तर बँकेतला. सर्वांशी गोड बोलायची सवय.

परत आल्यावर भूमी अभिलेख कार्यालयात गावनकाशाच्या नकलेचा अर्ज केला. नक्कल मिळाली. गाडीवाट दाखवणाऱ्या दोन तुटक रेषा अजून तिच्यावर आहेत, पाणंदीच्या पूर्ण रुंदीच्या. नकाशा घेऊन गावी गेलो आणि उत्तरेकडच्या बांधवाल्याच्या ओट्यावर पसरला. तो माझा सख्खा चुलतभाऊ. त्याने बराच वेळ बघितलं आणि विचारलं, ‘‘दादा, तू घोडा घेतोयस का?’’

वहिनीने चहा आणला, म्हणजे अजून बोलणं आहे.